"यात काम कुठं आहे?" : खनिज निधीसाठी पहिला प्रस्ताव

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झाल्यावर पहिली नोकरी चंद्रपूर जिल्ह्यात लागली, कोळसा खाणींच्या पट्ट्यातल्या एका गावात. महिन्याभरातच मी जिल्हा खनिज प्रतिष्ठानसाठी, म्हणजे खाणबाधित गावांचा निधी सांभाळणाऱ्या जिल्ह्याच्या संस्थेसाठी, अकरा पानांचं निवेदन लिहिलं. धूळ, ब्लास्टिंगने तडकलेल्या भिंती, आटलेल्या विहिरी, पोरांचे पिवळे-तपकिरी दात, सगळं त्यात होतं. 'पर्यावरणीय न्याय' हा शब्द निदान सात वेळा. कार्यालयातल्या बाबूंनी ते खरंच शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "वाचलं जी मॅडम सगळं. पण यात काम कुठं आहे?"

तेव्हा राग आला होता. आता नवीन आलेल्या प्रत्येकाला मीच हा प्रश्न विचारते. सरकारी भाषेत 'काम' म्हणजे ज्याला जागा आहे, अंदाजपत्रक आहे आणि जे झाल्यावर मोजमाप पुस्तिकेत लिहिता येतं असं काहीतरी. 'प्रदूषणमुक्त गाव' हे काम नाही. 'शाळेच्या आवारात जलशुद्धीकरण संयंत्र बसवणे' हे काम आहे.

आधी हा निधी कुठून येतो ते समजून घ्या, म्हणजे मागताना मान खाली जात नाही. 2015 साली खाण कायद्यात कलम 9ब आलं. खाणपट्टेधारकाने रॉयल्टीसोबत (खनिजापोटी सरकारला द्यायच्या मोबदल्यासोबत) वेगळी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरायची: लिलावाने मिळालेल्या पट्ट्यांसाठी रॉयल्टीच्या 10 टक्के, त्याआधीच्या पट्ट्यांसाठी 30 टक्के. खाणबाधित माणसं आणि गावं यांच्यासाठीच हा पैसा आहे. खर्च कशावर करायचा हे प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेत ठरलेलं आहे. पिण्याचं पाणी, पर्यावरण आणि प्रदूषण नियंत्रण, आरोग्य, शिक्षण वगैरे उच्च प्राधान्याची क्षेत्रं. 2024 च्या सुधारित सूचनांनुसार किमान 70 टक्के निधी त्यांच्यावर जायला हवा. त्याच सूचनांत प्रत्यक्ष बाधित क्षेत्र खाणीपासून 15 किलोमीटरपर्यंत धरलं आहे. आपलं गाव बाधित गावांच्या यादीत आहे का, हे पहिल्या दिवशी तपासा. यादीत नसेल तर बाकीची मेहनत थांबवून आधी तेच मागा.

माझी दुसरी चूक म्हणजे अर्ज संस्थेच्या नावाने केला. काम करते ती शासकीय यंत्रणा किंवा ग्रामपंचायत. आपण कागद गोळा करायचे, माणसं गोळा करायची आणि गप्प राहायचं. हे गप्प राहणं मला अजून नीट जमत नाही.

आम्ही शेवटी पाण्याचं एकच काम निवडलं, जलशुद्धीकरण संयंत्र. गावातल्या सगळ्या हापशांचं पाणी मी कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत भरून एका खाजगी प्रयोगशाळेत दिलं होतं. तो अहवाल कुणी हातातही घेतला नाही. मग ग्रामपंचायतीच्या पत्राने शासनाच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुने पाठवले. पोरांचे दात पिवळे-तपकिरी करतं ते पाण्यातलं जास्तीचं फ्लोराइड. ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. आमच्या तीन हापशा त्याच्या वर निघाल्या, त्यांतली एक शाळेतली. अकरा पानांनी जे झालं नाही ते त्या एका पानाने झालं.

नंतर ग्रामसभा. गणपूर्तीला, म्हणजे सभा वैध ठरायला, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांपैकी जे कमी असेल ते. धान रोवणीच्या दिवसांत शंभर माणसं कुठून आणणार? आम्ही 15 ऑगस्टची सभा धरली, आणि आदल्या दिवशीच्या महिला ग्रामसभेत विषय मांडून घेतला. पाणी भरणाऱ्या बायका तिथे जे बोलल्या ते दुसऱ्या दिवशी पुरुषांना टाळता आलं नाही. ठराव लिहिताना ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या (पूर्वीचे ग्रामसेवक) शेजारी बसा. कामाचं नाव, जागेचा गट नंबर, सूचक, अनुमोदक, आणि "वीजबिल व देखभाल ग्रामपंचायत करेल" हे वाक्य. आमच्या पहिल्या ठरावात जागाच लिहिली नव्हती. फाइल चार महिन्यांनी परत आली.

देखभालीच्या वाक्यावर सभेत तास गेला. शेजारच्या गावातलं संयंत्र बिल थकल्यामुळे कुलूपबंद पडलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. एका आजीने विचारलं, "बिल कोन भरन, तू का?" शेवटी वीस लिटरला पाच रुपये ठरले.

अंदाजपत्रक कनिष्ठ अभियंता करतात, सरकारच्या चालू दरसूचीनुसार. त्यांच्याकडे ढीगभर गावं असतात, तेव्हा जागेचा नकाशा, विजेच्या खांबाचं अंतर आणि पाण्याचा अहवाल आधीच तयार ठेवा. संयंत्रातून बाहेर पडणारं खारं पाणी कुठे सोडायचं हेही त्यात घालून घ्या. आम्ही विसरलो, आणि पहिल्याच पावसाळ्यात पंचायतीसमोर डबकं झालं.

त्यापुढे तांत्रिक मान्यता, प्रतिष्ठानच्या समितीची बैठक, प्रशासकीय मान्यता. इथे शिकवण्यासारखं फार नाही, फक्त वाट बघणं. प्रत्येक कागदाची पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा, बैठकीची तारीख आठवडाभर आधी विचारा. माहितीचा अधिकार वापरा, पण पहिल्या महिन्यात नको. ज्यांनी टेबलावरून फाइल पुढे सरकवायची त्यांनाच आधी बिथरवून काय मिळणार?

ठरावापासून पाण्याचा पहिला कॅन भरेपर्यंत एकोणीस महिने गेले. जागेच्या घोळात संयंत्र शाळेऐवजी पंचायतीजवळ झालं. शाळेतली हापशी लाल रंगाने रंगवली आहे, पिण्यास अयोग्य. मधल्या सुट्टीत पोरं अजून तीच हापसतात, कारण संयंत्र रस्त्यापलीकडे आहे आणि मधून डंपर जातात. तिथून शाळेपर्यंत पाइपलाइनचा प्रस्ताव आता अभियंत्यांकडे आहे. त्याचा आवक क्रमांक मी मोबाइलच्या कव्हरमागे चिकटवून ठेवला आहे.