आउटबोर्डचं लीक शोधायला बसण्याआधी (वॉशर घेतले का?)

मागच्या सीझनला माझ्या आउटबोर्डच्या, म्हणजे होडीच्या मागे लावतात त्या इंजिनाच्या, पंख्याखाली काळे तेलकट थेंब दिसले, मी म्हटलं गेलं गिअर ऑइल, आणि सरळ गिअरकेसचा (पंख्याजवळचा गिअरचा डबा) खालचा स्क्रू उघडला. तेल स्वच्छ. स्क्रू परत लावून टाकला, त्याच जुन्या वॉशरवर. पुढच्या वेळी उघडला तर तेल दुधाळ, म्हणजे पाणी आत. थेंब मुळात लीकचे नव्हतेच, बऱ्याच इंजिनांचा धूर पंख्याच्या मधून बाहेर पडतो आणि टू-स्ट्रोकचं न जळलेलं तेल काजळीसकट तिथूनच गळतं. म्हणजे लीक नव्हतं, मी करून ठेवलं. तर यादी.

पहिलं, गिअरकेसच्या स्क्रूचे नवीन वॉशर. दोन स्क्रू असतात, खाली ड्रेनचा, वर हवेचा, म्हणून दोन वॉशर, आणि एक हमखास हातातून पडतो म्हणून तीन घ्या. मॉडेल नंबर बघून घ्या, अंदाजाने नको. हातात नवीन वॉशर नसतील तर त्या स्क्रूला पाना लावायचाच नाही, मग तेल बघायची कितीही खाज सुटू दे.

पाने, हातमोजे, टॉर्च हे काय सांगायचं. फडकी मात्र पांढरी हवीत, रंगीत फडक्यावर काय गळतंय ते कळत नाही. एक मोठा कोरा पुठ्ठा. साबणाचं पाणी. टाल्कम पावडर, ती का ते पुढे.

पेट्रोलच्या बाबतीत शहाणपणा करू नका. वाफ हवेपेक्षा जड असते, होडीच्या तळाशी साठून राहते आणि वर उभ्या माणसाला वासही येत नाही. काम उघड्यावर, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, अग्निशामक हाताशी, वायरवाला दिवा अजिबात नको. स्टॉप स्विचची दोरी काढून खिशात, मगच पंख्याला हात.

मग धुवा. आधीच्या तेलकट थरावर नवीन लीक कुणालाच दिसत नाही, आणि तेल वरून ओघळत खाली येतं त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथे भोक नसतं. पण धुण्याआधी पातळ्या लिहून घ्या. फोर-स्ट्रोक असेल तर इंजिन सरळ उभं करून डिपस्टिक बघायची, आणि पातळी वाढलेली दिसली, तेलाला पेट्रोलचा वास आला, तर खूश होऊ नका, पेट्रोल आत उतरतंय, बहुतेक इंजिनावरच्या इंधन पंपाचा पडदा फाटलाय, बाहेर एक थेंबही दिसणार नाही. तसं इंजिन चालवायचं नाही. धुऊन कोरडं झालं की संशयाच्या जागी पावडर मारायची, तेल जिथून निघतं तिथे पहिली ओली रेघ उमटते.

फडक्यावर टिपून बघा. पेट्रोल उडून जातं, वास राहतो. गिअर ऑइल जाड आणि गंधकासारखा उग्र वास, एकदा घेतला की विसरत नाही. फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल वापरलेलं असलं की काळपट. हे न करता मी स्क्रू उघडला होता, तेही वॉशर नसताना.

पेट्रोलची बाजू सोपी आहे. टाकीचं हवेचं बूच उघडं, पाईप जोडलेला, पाईपमधला बल्ब (हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा) कडक होईपर्यंत दाबायचा आणि थांबायचं. कनेक्टरचा ओ-रिंग, फिल्टरची वाटी, पाईपच्या क्लॅम्प, सगळीकडे बोट फिरवा. इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुने पाईप खराब होतात, वाकवून बघितलं की चिरा दिसतात. बल्ब कडकच होत नाही आणि हुडाखाली पेट्रोल साठतंय तर कार्ब्युरेटरची फ्लोट सुई (पेट्रोल भरलं की वाट बंद करणारी) अडकलीय किंवा खाली कचरा बसलाय. आणि न दाबताच बल्ब कडक? टाकी उन्हात फुगलीय, बूच बंद आहे, तीच पेट्रोल ढकलतेय, इंजिनाला दोष देऊ नका, उभ्या होडीचा पाईप काढून ठेवत जा. फ्युएल इंजेक्शनवालं असेल तर प्रेशरची लाईन स्वतः उघडू नका.

फोर-स्ट्रोक आडवं ठेवलं होतं का तेही आठवा, चुकीच्या कुशीवर ठेवलं तर तेल नको तिथे जातं आणि लीकसारखं बाहेर येतं. ऑइल फिल्टर बदलल्यावर लगेच गळायला लागलं तर जुन्या फिल्टरचं रबर तिथेच चिकटून राहिलंय का बघा.

आता गिअरकेस. वॉशर आहेत? नक्की? इंजिन रात्रभर सरळ उभं ठेवा, पाणी खाली बसतं, मग स्क्रू किंचित सैल केला की पहिले थेंबच सांगतात. काही जुन्या जॉन्सन-एविनरूडला ड्रेनजवळच फिलिप्स डोक्याचा आणखी एक स्क्रू असतो, तो गिअर शिफ्टचा आहे, त्याला हात लावायचा नाही. ड्रेन स्क्रूच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर बारीक करडा लगदा चालतो, तुकडे नाही. पंखा काढून शाफ्टला मासेमारीची दोरी गुंडाळलीय का बघा, सीलं तिच्यानेच कापली जातात.

प्रेशर टेस्ट, म्हणजे रिकाम्या गिअरकेसमध्ये हवा भरून बघणं, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकीच, जास्त हवा भरली तर चांगलं सीलही बाहेर येतं. साबणाचं पाणी, बुडबुडे, झालं.

तेल पंपाने खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून आलं की वरचा स्क्रू आधी, मग पंप काढून खालचा. जुना वॉशर केसला चिकटला असेल तर खरवडून काढा, एकावर एक दोन नको. दोन्ही नवीन. पुठ्ठा खाली सरकवा, सकाळी बघा.