पुराच्या काळात नियंत्रण कक्षातून माहिती कशी द्यावी

पोलीस पाटील, तलाठी आणि पत्रकार यांच्या अद्ययावत याद्या पावसाळ्यापूर्वीच तयार आहेत आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा मदत क्रमांक सुरू आहे, असे येथे गृहीत धरले आहे. पूर येताच बोलणारा एकच अधिकारी नेमावा आणि पत्रकांच्या वेळा जाहीर कराव्यात. नवे काही नसले तरी ‘पातळी स्थिर’ एवढे तरी पत्रक ठरल्या वेळी निघालेच पाहिजे.

मला सर्वांत जास्त झगडावे लागले ते पाण्याच्या आकड्यांतून लोकांना उपयोगी पडेल अशी सूचना तयार करताना. कोल्हापूरचे उदाहरण घेऊ. ‘राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ४१ फूट ६ इंच, राधानगरीच्या दोन स्वयंचलित दरवाजांतून २,८५६ क्युसेक विसर्ग, नागरिकांनी सतर्क राहावे’ या पत्रकात (राधानगरी म्हणजे तिथले धरण, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी) चुकीचे काहीच नाही; पण नदीकाठच्या आंबेवाडी गावातल्या माणसाने गोठ्यातली जनावरे आज सोडायची की उद्या, हे त्यातून कळत नाही. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. म्हणून पहिल्या वाक्यात गाव, काय करायचे आणि किती वाजेपर्यंत करायचे, हे लिहावे: ‘प्रयाग चिखली व आंबेवाडी येथील नदीकाठच्या कुटुंबांनी जनावरांसह आज सायंकाळी ५ पूर्वी सोनतळीकडे निघावे.’ त्यानंतर रस्ता कोणता सुरू आहे ते द्यावे आणि फूट व क्युसेक शेवटी.

जुन्या पुराशी तुलना करून धीर देण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. २००५ मध्ये दारात पाणी आले नव्हते, या भरवशावर २०१९ मध्ये अनेक कुटुंबे घरात थांबली आणि अडकली; त्या वर्षी पाणी ५५ फूट ७ इंचांपर्यंत चढले आणि २०२१ मध्ये त्याच्याही वर गेले. ‘घाबरून जाऊ नये’ हे वाक्य तर मसुद्यात दिसताच खोडावे, कारण जागा अडवण्यापलीकडे ते काहीही करत नाही.

अफवांबाबतही पोकळ वाक्यांपेक्षा नेमकी, ताजी माहितीच उपयोगी पडते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात, त्यामुळे दरवाजा उघडल्याची बातमी देणाऱ्याने तो मिटल्याचीही बातमी तितक्याच तत्परतेने दिली पाहिजे. नाहीतर सकाळचे छायाचित्र रात्री ‘आत्ताचे’ म्हणून फिरते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५४ नुसार खोटा इशारा पसरवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो, हे अवश्य सांगावे. मात्र नुसत्या धमकीने अफवा थांबत नाही, ती बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीच्या ताज्या छायाचित्राने थांबते.

मृतांची संख्या खातरजमेनंतरच द्यावी आणि नाव कुटुंबीयांना कळवण्यापूर्वी देऊ नये. पत्रकाराने विचारलेले माहीत नसेल, तर किती वाजता सांगणार ते सांगून ती वेळ पाळावी.

प्रत्येक पत्रकावर, आणि चित्र पाठवत असल्यास त्या चित्रावरच, अनुक्रमांक, दिनांक व वेळ ठळक छापावी. पाणी इशारा पातळीखाली उतरले तरी बंद रस्ते खुले होईपर्यंत पत्रके थांबवू नयेत.