सरपंचकी, संचालकपद आणि ‘प्रशासकीय अनुभव’: अर्जात काय लिहायचं

माझी बरीचशी नोकरी आर्णी-दारव्हा भागात पंचायत विस्तार अधिकारी म्हणून झाली. आता निवृत्त आहे, तरी माणसं फायली घेऊन घरी येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो : “साहेब, पाच वर्षं सरपंच होतो, आता बाजार समितीत संचालक आहो. हा प्रशासनाचा अनुभव नाही काय?”

राजेहो, सरकारी पदासाठी किंवा एखाद्या आयोगा-समितीच्या सदस्यपदासाठी अर्ज करताना हे त्या पदाच्या जाहिरातीतल्या शब्दांवर ठरतं. आधी अनुभवाची ओळ पेनानं अधोरेखित करा. ‘शासकीय किंवा निमशासकीय सेवेतील, अमुक दर्जाच्या पदावरील अनुभव’ असं लिहिलं असेल, तर नोकरीतलाच अनुभव मागितलाय. सरपंच निवडून येतो, मानधन घेतो. तो सेवेत धरला जात नाही. तिथं अर्जाचे पैसे घालवू नका.

कायद्यानं स्थापन झालेल्या आयोगांची गोष्ट वेगळी. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम १५ मध्ये राज्य माहिती आयुक्तासाठी समाजसेवा, व्यवस्थापन, पत्रकारिता, प्रशासन अशी क्षेत्रं दिली आहेत. मात्र नेमणूक झाली की पक्षाशी संबंध आणि धंदा दोन्ही सोडावं लागतं. जिल्हा ग्राहक आयोगाच्या सदस्यासाठी २०२० च्या नियमांत पदवी, किमान ३५ वर्षं वय आणि कायदा, सार्वजनिक व्यवहार, प्रशासन, वाणिज्य अशा क्षेत्रांतला १५ वर्षांचा अनुभव मागितला होता. ही अट उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये रद्द केली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनुभव १० वर्षांवर आणला. हे नियम बदलत राहतात, म्हणून जाहिरात निघेल त्या दिवशीचेच नियम काढून वाचा. बाल कल्याण समितीला प्रशासन चालत नाही. तिथं बालमानसशास्त्र, कायदा, समाजकार्य, शिक्षण अशा विषयाची पदवी आणि मुलांचं आरोग्य, शिक्षण किंवा कल्याण यातलं किमान सात वर्षांचं काम लागतं, नाहीतर कायदा, समाजकार्य, बालमानसशास्त्र अशा विषयाची पदवी घेऊन चाललेला व्यवसाय.

‘प्रशासन’ किंवा ‘सार्वजनिक व्यवहार’ हा शब्द सापडला, की खरी मेहनत सुरू होते. नुसतं ‘सरपंच, पाच वर्षं’ लिहून भागत नाही. सरपंच हा कायद्यानं ग्रामपंचायतीचा कार्यकारी प्रमुख असतो, हे अर्जात दिसलं पाहिजे. बहुतेक जण लिहितात, ‘गावाचा कारभार सांभाळला.’ त्याऐवजी असं लिहा : ‘ग्रामसेवकासोबत संयुक्त सहीनं ग्रामनिधीचे व्यवहार केले. वार्षिक अंदाजपत्रक मांडून मंजूर करून घेतलं. थकीत पाणीपट्टीच्या वसुलीचा ठराव घेतला व अंमलात आणला.’ प्रत्येक वाक्यापुढं ठराव क्रमांक आणि तारीख टाका. प्रोसिडिंग बुकाची प्रमाणित प्रत जोडा. दप्तर मिळत नसेल तर माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना, म्हणजे ‘जोडपत्र अ’, भरून दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. माहितीसाठी मुदत ३० दिवसांची आहे, म्हणून जाहिरातीची वाट पाहत बसू नका.

संचालकाचा दावा मला सरपंचापेक्षा नाजूक वाटतो. बाजार समितीचा रोजचा कारभार सचिव पाहतो, सेवा सोसायटीचा गटसचिव. मासिक सभेला जाऊन सही करणं याला प्रशासन म्हणता येणार नाही. सभापती किंवा अध्यक्ष होता, खरेदी उपसमितीवर होता, लेखापरीक्षणातले दोष दुरुस्त करून अहवाल पाठवला, तर तेवढंच लिहा. संस्थेच्या चौकशीत तुमच्यावर जबाबदारी निश्चित झाली असेल तर तो आदेश लपवू नका, छाननीत बाहेर येतोच.

वर्षं मोजताना प्रामाणिक राहा. एकाच काळात सरपंच आणि सोसायटीचे संचालक असाल, तर ती पाच वर्षं पाचच, दहा होत नाहीत. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर मार्च २०२२ मध्ये प्रशासक बसले. त्यानंतरचा काळ माजी सदस्यांनी धरू नये. कार्यकाळाचा दाखला ग्रामपंचायतीसाठी गटविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयातून, सोसायटीसाठी सहायक निबंधकांकडून मागा. सोबत निवडीचं प्रमाणपत्र लागेल.

महिला सरपंचांना एक सांगतो. कारभार तुम्ही केला आणि बोलले नवरे, असं अनेक गावांत झालं. पण ठरावावर सही तुमची आहे. फाईल स्वतः वाचा, प्रत्येक ठराव का घेतला ते आठवून ठेवा, आणि मुलाखतीला त्याच फाईलची दुसरी प्रत, पानांना क्रमांक टाकून, हातात घेऊन जा.