पहिल्या नोकरीतली विसरलेली पेन्शन कशी शोधावी

रबाळे, महापे, तुर्भे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत विशी-पंचविशीत तीन-चार वर्षे काम करून पुढे दुसरीकडे गेलेल्या अनेकांना वाटते की, नोकरी सोडताना फंड काढला तेव्हाच तिथला हिशेब संपला. पुष्कळदा तो संपलेला नसतो. १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना लागू झाली आणि तेव्हापासून मालकाच्या वाट्यातून, ठरलेल्या पगारमर्यादेपर्यंतच्या वेतनाच्या ८.३३ टक्के इतकी रक्कम फंडाऐवजी पेन्शन खात्यात जाऊ लागली. फंडासाठी फॉर्म १९ भरावा लागे आणि पेन्शनच्या हिश्शासाठी फॉर्म १०-सी वेगळा भरावा लागे. ज्यांनी केवळ पहिला फॉर्म भरला, त्यांची त्या नोकरीतली सेवा आजही नोंदीत पडून असू शकते.

ती शोधण्याचे कारण रकमेपेक्षा वर्षांत आहे. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, वेगवेगळ्या नोकऱ्यांची सेवा एकत्र मोजता येते, आणि एकूण सेवेत शेवटी सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ उरला तर तो पूर्ण वर्ष धरला जातो.

सुरुवात घरातल्या कागदांपासून करावी. नेमणूक पत्र, पगाराची स्लिप, फंडाची वार्षिक पावती, ईएसआयचे कार्ड, यांपैकी काहीही चालेल. माझ्या थोरल्या भावासाठी शोध सुरू केला तेव्हा विम्याच्या पावत्यांच्या गठ्ठ्यात १९९८ सालची एक स्लिप सापडली. कार्बनची निळी अक्षरे पुसट झाली होती, पण कोपऱ्यात हाताने लिहिलेला फंडाचा नंबर वाचता येत होता: आधी ‘एमएच’, मग तिरपी रेघ, पाच आकडे, पुन्हा रेघ आणि शेवटी ११२. मधले पाच आकडे हा कारखान्याचा कोड आणि शेवटचे तीन हा भावाचा सभासद क्रमांक. एवढी एक ओळ हाती असली की निम्मे काम होते.

नंबर मिळत नसेल, तर जुन्या सहकाऱ्याला विचारावे, कारण एकाच कारखान्यातल्या सर्वांचा कोड एकच असतो. ईपीएफओच्या (कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या) संकेतस्थळावरही आस्थापनेच्या नावावरून कोड शोधता येतो. कंपनीचे नाव बदलले असल्याची शंका असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची आजची स्थिती पाहावी. यूएएन, म्हणजे सर्व नोकऱ्यांसाठी सभासदाचा एकच कायम क्रमांक, ही सोय २०१४ मध्ये आली. त्यामुळे त्यापूर्वी सोडलेली नोकरी आपल्या यूएएनच्या सेवा-इतिहासात दिसली नाही, म्हणून नोंदच नाही असे समजू नये.

यानंतर ईपीएफओच्या कार्यालयात लेखी अर्ज करावा. ठाण्याचे क्षेत्रीय कार्यालय वागळे इस्टेटमध्ये आहे आणि नवी मुंबईसाठी वाशीचे. मात्र कंपनीची नोंदणी मुंबईच्या पत्त्यावर झाली असेल, तर कागद वांद्र्यालाही असू शकतात, म्हणून जाण्याआधी कोडवरून कार्यालय निश्चित करावे. अर्जात नोकरीचा काळ, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख लिहून फॉर्म ९ व फॉर्म ३-ए मधील नोंद तपासण्याची स्पष्ट विनंती करावी. फॉर्म ९ मध्ये प्रत्येक सभासदाची रुजू होण्याची तारीख असते आणि ३-ए मध्ये वर्षाची वर्गणी महिन्यानुसार असते. तोंडी चौकशीवर विसंबू नये. पोच घ्यावी, आणि उत्तर आले नाही तर ईपीएफआयजीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवावी. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ शिबिर भरते, तिथे अधिकाऱ्यांसमोर कागद ठेवता येतात. या कामाला शुल्क नाही, त्यामुळे दलालाला एक रुपयाही देऊ नये.

मोठ्या कंपन्यांपैकी काहींचा फंड त्यांच्या स्वतःच्या ट्रस्टकडे असतो, तरी पेन्शनचा हिस्सा ईपीएफओकडेच जमा होतो, हे अशा कंपनीत काम केलेल्यांनी विसरू नये.

नावातल्या फरकावर बरेच अर्ज अडतात. भावाच्या फॉर्म ९ मध्ये वडिलांच्या नावातले एक अक्षर चुकले होते आणि तेवढ्यावर दोन महिने गेले. अशा दुरुस्तीसाठी मालक व सभासद यांचे संयुक्त निवेदन लागते. कारखाना बंद झाला असेल, तर सही कोणाची चालेल हे कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे.

सेवा सापडल्यावर घाईने पैसे काढू नयेत, असे माझे ठाम मत आहे. पैसे काढले की ती वर्षे कायमची गेली. दहा वर्षे भरण्याची शक्यता असेल, तर फॉर्म १०-सी भरून पैशांऐवजी योजना प्रमाणपत्र, म्हणजे त्या सेवेचा लेखी दाखला, घ्यावे. भावाची पहिली सेवा ४ वर्षे १ महिना आणि दुसरी ५ वर्षे ६ महिने निघाली. बेरीज ९ वर्षे ७ महिने, म्हणजे नियमाने १० वर्षे. पेन्शनयोग्य पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागले की मासिक पेन्शन निघते. ६,५०० रुपयांवर १० वर्षांची पेन्शन ९२९ रुपये येते, म्हणून त्याला दरमहा १,००० रुपयांची किमान पेन्शन मिळेल आणि त्याच्यामागे वहिनींनाही पेन्शन सुरू राहील.

प्रमाणपत्र हातात आले की जन्मतारीख आणि कुटुंबीयांची नावे तिथेच तपासून घ्यावीत, कारण पेन्शनसाठी लागणारे वयाचे ५८ वे वर्ष याच जन्मतारखेवरून मोजले जाते.