‘चालंना झालंय की!’ : फोनवरून कॉम्प्युटरचं दुखणं कसं काढावं

आमच्या बेळगाव भागात खानापूरहून, निपाणीहून नाहीतर शहापूरच्या एखाद्या गल्लीतून फोन येतो, “अण्णा, कॉम्प्युटर चालंना झालंय की!” या एका वाक्यात दहा वेगवेगळे आजार मावतात. लाईट गेलेली असते, मॉनिटरचं बटण बंद असतं, नेट नसतं, प्रिंटरमध्ये कागद नसतो, फाईल सापडत नसते, नाहीतर सगळं ठीक असून मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं उमटत असतात. भाऊबंदांत, पतसंस्थेत किंवा शाळेत ज्याच्यावर ‘ह्याला कॉम्प्युटरातलं कळतं’ असा शिक्का बसलाय, त्याच्यासाठी हा लेख.

अशा माणसाला सगळे एकच सल्ला देतात, ‘संयम ठेव’. तो निरुपयोगी आहे. संयम ठेवून चुकीचाच प्रश्न वीस वेळा विचारला तर उत्तरही वीस वेळा चुकीचंच येतं. बदलायचा असतो तो प्रश्न.

आधी वीज, वायर, नेट

मॉनिटरचा दिवा पेटतोय का, कॉम्प्युटरच्या डब्याचा पंखा वाजतोय का, एवढं विचारा. नेटच्या मोडेमवर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल असेल तर तिथेच थांबा. फायबरमधून सिग्नलच येत नाही, तेव्हा मोडेम शंभरदा बंद-चालू करून काही होणार नाही; नेटवाल्याला फोन करायला सांगा. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूने फोन आला तर हा प्रश्न पहिला.

रीस्टार्ट म्हणा, ‘बंद करून चालू करा’ म्हणू नका

‘बंद करा’ म्हटलं की निम्मे लोक मॉनिटर बंद करतात. उरलेले शट डाऊन करतात आणि त्यानेही काम होईलच असं नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बहुधा चालूच असतं. शट डाऊन करताना विंडोज आपली बरीचशी अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुन्हा चालू केल्यावर तीच उचलतं. अडकलेला ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखी यंत्रं चालवणारा छोटा प्रोग्राम, तसाच अडकलेला राहतो. रीस्टार्टमध्ये तसं होत नाही, सगळं कोरं सुरू होतं. म्हणून मेनूमधला ‘रीस्टार्ट’ हाच शब्द शोधायला लावा.

पडद्यावरचं वदवून घेणं

खरी परीक्षा इथे आहे. ही पायरी जमली की पुढचं काम पाच मिनिटांचं.

“काय एरर आलाय?” हा प्रश्न विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे, “काहीतरी इंग्लिशमध्ये आलतं, मी बंद केलो. बाकी काय बी दाबलो नाही हो, आपोआपच झालंय.” माणूस खोटं बोलत नसतो. पडद्यावर अचानक चौकट आली की ती घालवायची, हे त्याच्या हाताला लागलेलं वळण आहे; दार वाजलं की उठावं तसं. म्हणून फोन उचलल्यावर तुमचं पहिलं वाक्य ‘कशाला हात लावू नका’ हेच असू द्या. नमस्कार-चमत्कार नंतर.

मग मोबाईलने पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सअपवर मागवा. काही जाणकार इथे स्क्रीनशॉटचा हट्ट धरतात. नवख्याला विंडोज, शिफ्ट आणि एस ही तीन बटणं एकदम दाबायला लावायची, मग ते चित्र कुठे गेलं ते शोधायचं. म्हणजे एका अडचणीच्या दोन झाल्या. मोबाईलचा वाकडा, चमकणारा फोटो पुरतो. अट एकच: पडदा चारही कोपऱ्यांसकट यायला हवा, खालच्या पट्टीसुद्धा. लोक हौसेने फक्त चौकटीचा फोटो जवळून काढतात आणि कामाची माहिती नेमकी कडेला राहते.

खालच्या उजव्या कोपऱ्यात काय काय कळतं बघा. नेटचं चिन्ह. टायपिंगची भाषा. आणि तारीख-वेळ. ‘सगळ्या साईट बंद पडल्यात, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतंय’ अशी तक्रार असेल आणि कोपऱ्यात पाच-सात वर्षांपूर्वीची तारीख असेल, तर व्हायरसचं नाव काढू नका. प्रत्येक सुरक्षित साईटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. कॉम्प्युटरचं घड्याळ मागे गेलं की त्या प्रमाणपत्रांची मुदत त्याच्या हिशेबी अजून सुरूच झालेली नसते, म्हणून तो साईट अडवतो. तारीख दुरुस्त केली की साईट उघडतात. संध्याकाळी मेन स्विच पाडून घरी जाणाऱ्या कचेरीत दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच झालं, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा गोल बटणसेल संपलाय. ३ व्होल्टचा हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

व्हिडिओ कॉल केलात तर पहिलं मिनिटभर समोरच्याचं कपाळ दिसेल. ‘मागचा कॅमेरा लावा’ म्हटलं की तो फोन फिरवून पाठ दाखवतो, आणि तुम्हाला मागची भिंत दिसते. ‘फोन तसाच धरा, काचेवर कॅमेऱ्याचं गोल बाणाचं चित्र आहे, त्यावर बोट ठेवा’ असं सांगा.

फोटो, व्हिडिओ दोन्ही नसेल तर तोंडी चालवायचं. तिथे माझे नियम कडक आहेत.

वस्तूचं नाव घेऊ नका. जागा, रंग आणि आकार सांगा. ‘टास्कबार’ नाही, ‘पडद्याच्या अगदी तळाची लांब पट्टी’. ‘विंडोज की’ नाही, ‘सगळ्यात लांब बटणाच्या डावीकडचं, चार चौकटी काढलेलं बटण’. समोरचा पडद्याला कॉम्प्युटर आणि डब्याला सीपीयू म्हणत असेल तर फोन ठेवेपर्यंत तुम्हीही तेच म्हणा. सीपीयू म्हणजे आतली चिप, हे शिकवायची ही वेळ नव्हे.

‘उजवं बटण दाबा’ हे वाक्य तर घातकच. कुणी कीबोर्डवरचा उजवा बाण दाबतं, कुणी पडद्यावर उजवीकडे जे दिसेल ते. ‘माऊसवर तुमचं मधलं बोट आहे ना, त्याच्या खालचं’ असं म्हणा.

डबल क्लिक शिकवायच्या फंदात पडू नका. नवखा माणूस पहिली टिचकी मारतो, नीट लागली का बघतो, मग दुसरी मारतो. विंडोज या दोन संथ टिचक्यांचा अर्थ ‘नाव बदलायचंय’ असा घेतं. फाईलच्या नावाभोवती चौकट येते, नाव निळं होतं. काहीच उघडलं नाही म्हणून तो चुकून स्पेसबार दाबतो आणि ‘सभासद यादी २०२४’ हे नाव पुसलं जातं. पाठोपाठ फोन येतो, ‘फाईल उडाली!’ फाईल तिथेच असते, नावाची पाटी गेलेली असते. चौकट अजून उघडी असेल तर एस्केप दाबायला सांगा, जुनं नाव परत येतं. वेगळं नाव पडून गेलं असेल तर त्याच फोल्डरमध्ये लगेच कंट्रोल आणि झेड. आणि यापुढे फाईलवर एकच टिचकी, मग एंटर. सत्तरीतल्या काकांनाही ते पहिल्या फटक्यात जमतं.

एका वाक्यात एकच काम सांगा. आणि त्यानंतर ‘झालं का?’ असं कधीही विचारू नका. आपल्याकडे ‘झालं का?’ला ‘हां हां’ याखेरीज उत्तर नाही. ते ‘हां हां’ ‘दाबलं’ म्हणूनही असतं, ‘ऐकतोय’ म्हणूनही आणि ‘तुम्हाला वाईट वाटायला नको’ म्हणूनही. ‘आता पडद्यावर काय बदललं?’ असं विचारा. त्याला ‘हां हां’ म्हणता येत नाही.

अक्षरं वाचून घ्यायची वेळ आली की बी, डी, पी, टी आणि ई फोनवर एकसारखेच ऐकू येतात. तेव्हा गावं वापरा: बी बेळगावचा, सी चिकोडीचा, डी धारवाडचा, जी गोकाकचा, एच हुक्केरीचा, के खानापूरचा, एम मिरजेचा, एन निपाणीचा, पी पुण्याचा, एस संकेश्वरचा, टी टिळकवाडीचा. पासवर्ड मात्र कधी वाचून घेऊ नका. तो लागत नसेल तर कॅप्स लॉकचा दिवा बघायला लावा आणि कीबोर्ड मराठीवर राहिला नाही ना ते विचारा.

‘अक्षरं बिघडली’ हे तीन वेगळे रोग आहेत

आपल्या भागात मराठी आणि कन्नड दोन्ही कागद एकाच टेबलावर येतात, म्हणून ही तक्रार जास्त. आणि इथेच सगळ्यात चुकीचे सल्ले फिरतात. ‘अक्षरं कशी दिसतात?’ याचं उत्तर ‘कशीतरी’ असं येईल. त्याऐवजी तीन पर्याय द्या: चौकोन दिसतात, प्रश्नचिन्हं दिसतात, की इंग्रजी अक्षरांचा काला?

काला असेल तर मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला आहे. मराठी असेल तर श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमचा, कन्नड असेल तर बहुधा नुडीचा. या फॉन्टमध्ये ‘क’ हा मुळी ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या अंगावर त्याचं चित्र चढवलेलं असतं. फॉन्ट नाही तर चित्रही नाही. कुणीतरी हमखास सांगतं, ‘मंगल फॉन्ट लाव, दिसेल.’ दिसणार नाही. मंगल युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा, फॉन्ट आहे, त्याला तिथे इंग्रजी अक्षरंच दिसतात आणि तो तीच दाखवतो. वर्डमध्ये मजकुरात टिचकी मारून वर फॉन्टच्या चौकटीतलं नाव वाचायला सांगा, म्हणजे रोग पक्का होईल. फक्त वाचायचं असेल तर पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवा. मजकूर बदलायचा असेल तर जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा कन्व्हर्टर वापरा, पण नंतर पहिली वेलांटी आणि रफार शब्दाशब्दाला तपासा. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाईप होतो, युनिकोडमध्ये उलट. कन्व्हर्टर चुकतो तो तिथेच.

चौकोन असतील तर मजकूर शाबूत आहे, त्या यंत्रात ती लिपी दाखवणारा फॉन्ट नाही, एवढंच.

प्रश्नचिन्हं असतील तर वाईट बातमी. एक्सेलमधली मराठी नावांची यादी साध्या ‘सीएसव्ही’ (नुसता मजकूर स्वल्पविरामांनी मांडणाऱ्या) प्रकारात सेव्ह केली की प्रत्येक अक्षराच्या जागी खरंखुरं प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. मूळ अक्षर त्या फाईलमध्ये उरतच नाही, कुठलाही फॉन्ट ते परत आणत नाही. मूळ एक्सेल फाईल शोधा आणि सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडायला लावा. मूळही नसेल तर यादी पुन्हा टाईप करायला सांगा, खोटी आशा दाखवू नका.

मराठी टायपिंगच होत नसेल तर चार चौकटींचं बटण धरून स्पेसबार एकदा दाबला की भाषा बदलते. आणि ज्याला इनस्क्रिप्टने, म्हणजे सगळ्या भारतीय लिप्यांना सारख्याच मांडणीच्या कीबोर्डने, मराठी येतं त्याला कन्नड टायपिंग वेगळं शिकावं लागत नाही. ‘के’च्या बटणावर मराठीत क, कन्नडमध्येही क. हे कचेरीतल्या मुलांना जरूर सांगा.

सरकारी फॉर्म

‘यादीत आमचं गावच नाही’ असा फोन आला की आधी वरचं राज्य कोणतं निवडलंय ते विचारा. बरेचदा तिथे महाराष्ट्र असतं. सीमाप्रश्न फॉर्मच्या यादीत सुटत नाही. कर्नाटक निवडल्याशिवाय जिल्हा दिसणार नाही. मग जिल्ह्याचं स्पेलिंग. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव ‘बेळगावी’, पण काही जुन्या याद्यांत अजून ‘बेलगाम’ आहे. यादी उघडून बी-ई-एल एवढीच अक्षरं दाबायला सांगा, दोन्हींपैकी जे असेल ते समोर येईल.

पान कन्नडमध्ये असेल आणि माणसाला कन्नड बोलता येऊनही वाचता येत नसेल, तर पानाच्या वरच्या भागात भाषा बदलायचं बटण असतं का ते आधी बघायला लावा. नसेल तर घरातलं शाळकरी पोर जवळ बसवा आणि त्याच्याकडून चार शब्द शोधून घ्या: उळिसि म्हणजे सेव्ह, मुंदे म्हणजे पुढे, सल्लिसि म्हणजे सबमिट, रद्दु म्हणजे रद्द. चौथा आधी दाखवा, तो दाबायचा नाही म्हणून.

दुसऱ्याचा पडदा आपल्या हातात

एवढं करूनही जमत नसेल तर क्विक असिस्ट, म्हणजे समोरच्याचा पडदा तुमच्या कॉम्प्युटरवर दाखवणारा प्रोग्राम. विंडोजमध्ये तो बहुधा आधीच असतो, कंट्रोल, विंडोज आणि क्यू दाबून उघडतो. लॉगिन तुम्हाला लागतं, समोरच्याला फक्त तुम्ही दिलेला कोड टाकायचा असतो. पण हे सुरू करण्याआधी एक वाक्य न चुकता सांगा: ‘मी सांगितलं म्हणून हे उघडलंत. उद्या बँकेतून बोलतोय असं सांगून कुणी हेच उघडायला लावलं, तर फोन ठेवा.’ पैसे गेलेच असतील तर तुम्हाला नव्हे, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन. काम झाल्यावर पडदा शेअर करणं बंद झाल्याचं समोरच्याच्या तोंडून वदवून घ्या.

फोन ठेवण्यापूर्वी उपाय वहीत लिहायला लावा. तुमच्या शब्दांत नको, त्याच्याच शब्दांत, आणि लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा. ‘कीबोर्ड लेआउट बदलणे’ असं लिहिलेलं पान पुन्हा कुणी उघडत नाही. ‘मराठी उमटंना झालं तर चार चौकटीचं बटण धरून लांब बटण एकदा’, हे उघडतात.