द्राक्षपानांच्या कडा करपल्या? पोटॅश सोडण्याआधी भट्टी कुठे आहे ते बघा

ऑक्टोबर छाटणीला महिना-सव्वा महिना झालेल्या बागांतून सध्या एकच प्रश्न येतोय: पानांच्या कडा जळताहेत, काय मारू? निफाड, दिंडोरी, चांदवड भागात पाऊस उघडला की वीटभट्ट्याही पेटतात. त्यामुळे माझा उलट प्रश्न असतो, बागेच्या कोणत्या अंगाला भट्टी आहे?

विटांच्या मातीत फ्लोराईड असतं. माती भाजताना ते वायू होऊन बाहेर पडतं, पानाच्या रंध्रांतून आत शिरतं आणि रसाच्या ओघाबरोबर कडेला पोचतं. पाणी उडून जातं, फ्लोराईड तिथेच साचतं. म्हणून कड आधी मरते. द्राक्षवेल या वायूला फार हळवी, त्यातही कोवळं पान.

एका तरुण बागायतदाराने विचारलं, चहाच्या पानात तर भरपूर फ्लोराईड असतं म्हणतात, मग ते झाड कसं टिकतं? प्रश्न अगदी बरोबर आहे. बहुतेक पिकांच्या पानात हे प्रमाण किलोमागे दहाएक मिलिग्रॅमच्या आत असतं, चहाच्या जून पानात हजाराच्याही वर जातं. चहा ते आम्लधर्मी जमिनीतून मुळावाटे घेतो, ॲल्युमिनियमशी बांधतो आणि पेशीच्या भित्तीत व रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, कोंडून ठेवतो. पेशीच्या कामाच्या भागाला ते फारसं लागतच नाही. साठाही मुख्यतः जून पानांत, खुडायच्या कोवळ्या कळीत कमी. द्राक्षाकडे अशी कोठी नाही.

आता पान तोडून उजेडाकडे धरा. मेलेली कड तपकिरी, चुरचुरीत, आणि ती व हिरवा भाग यांच्यामध्ये गडद तांबूस रेघ ठसठशीत दिसली तर फ्लोराईडचा संशय घ्या. पोटॅशची कमतरता सहसा जुन्या पानांवर येते आणि कड आधी पिवळी पडते. खारं पाणी असेल तर चट्टे जमिनीच्या उताराप्रमाणे, पाणी साचतं त्या भागात दिसतात. भट्टीचा त्रास मात्र भट्टीकडच्या ओळींत जास्त आणि आत जाल तसा कमी होत जातो. बांधापासून आतपर्यंत एकदा सावकाश चालत जा. हे एवढं केलं तरी निम्म्या फवारण्या वाचतील, असं मला मनापासून वाटतं.

खात्रीसाठी देठ परीक्षणावर, म्हणजे पानाच्या देठातली अन्नद्रव्यं मोजणाऱ्या तपासणीवर, विसंबू नका. फ्लोराईड पानाच्या पात्यात साचतं आणि नेहमीच्या देठ परीक्षणात ते मोजतही नाहीत. भट्टीजवळची आणि लांबची पानं वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत प्रयोगशाळेत द्या आणि फ्लोराईड तपासायचंय असं स्पष्ट सांगा.

जळालेली कड परत हिरवी होत नाही, त्यामुळे तिच्यासाठी टॉनिकवर पैसे घालू नका. चुन्याच्या निवळीची फवारणी पुढची इजा कमी करते, पण आधी दोनच ओळींवर करून बघा, इतर औषधांत मिसळू नका आणि मणी धरल्यावर टाळा, डाग पडतात. भट्टीच्या अंगाला शेवरी किंवा सुरूची दाट ओळ हा लांबचा पण खरा उपाय. तारखेसह फोटो ठेवा, कृषी सहायकाला लेखी कळवा. नुकसान मागायचं तर तेच कामी येतं.

ग्लॅडिओलस लावणाऱ्यांनी जास्त जपावं. याच्या पात्यांची टोकं द्राक्षाच्याही आधी जळतात, फिकट रंगाच्या जातींत तर लवकरच. द्राक्षवाल्यांनी हाच गुण वापरावा: भट्टीकडच्या बांधावर दहा-बारा कंद लावून ठेवा, पाणी वेळेवर द्या, टोकं बघत राहा. सिंगल सुपर फॉस्फेट या खतामध्येही फ्लोराईड असतं. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात ते कॅल्शियमशी बांधलं जातं, तिथे घाबरू नका. कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) लावलेल्या झाडांना मात्र ते खत टाळा आणि सामू (pH) ६ ते ६.८ दरम्यान ठेवा, कारण सामू उतरला की फ्लोराईड मुळांना सहज मिळतं.