स्ट्रॅटचा ब्रिज पिकअप कानात टोचायचा, असा आणला ताळ्यावर

माझ्या स्ट्रॅट टाइप (फेंडर स्ट्रॅटोकास्टरसारख्या) इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिज पिकअप, म्हणजे ब्रिजजवळचा, तारांचा आवाज पकडणारा चुंबकी भाग, डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावलं की कानात घुसायचा, मित्र म्हणाला हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) टाक, पण म्हटलं आधी पिकगार्ड (पुढचं प्लास्टिकचं कव्हर) उघडून तर बघू. 1954 च्या मूळ स्ट्रॅटच्या वायरिंगसारखाच ब्रिजला टोन नॉब (आवाजाचा तीक्ष्णपणा कमी करायचं बटण) जोडलेलाच नव्हता! मग फाइव्ह-वे स्विचवर (पिकअप निवडायचा स्विच) मधल्या पिकअपच्या टोनवाल्या टर्मिनलपासून ब्रिजच्या रिकाम्या टर्मिनलला छोटी वायर सोल्डर केली, बस. आता खालचा टोन नॉब 6-7 वर ठेवला की आवाज मस्त जाड येतो. पिकअपची उंचीपण बघा, शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पोलपीसमध्ये (पिकअपवरचे चुंबकाचे गोल तुकडे) साधारण 2 मिमी ठेवलंय, फार जवळ नेलं तर मॅग्नेट तारेला ओढतो आणि सूर डगमगतो, नेक (गिटारच्या मानेजवळच्या) पिकअपवर तर जास्तच. हंबकर टाकणारच असाल तर 250के (किलोओहम) ऐवजी 500के पॉट (नॉबखालचा कमी-जास्त होणारा रेझिस्टर) घ्या, नाहीतर आवाज दबतो.